शर्यत अडीच मिनिटांची, थांबणं अर्ध्या तासाचं

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरची इंडियन डर्बी 2400 मीटरची असते. चांगला घोडा हे अंतर साधारण अडीच मिनिटांत कापतो, म्हणजे ताशी 57-58 किलोमीटरच्या वेगाने. मग पुढच्या शर्यतीपर्यंत जवळपास अर्धा तास जातो. एका दुपारी सात-आठ शर्यती धरल्या, तर घोडे प्रत्यक्षात धावतात पंधरा-वीस मिनिटं आणि माणसं नुसती थांबलेली असतात साडेतीन तास. ठाण्याहून दादरला गाडी बदलून किंवा नवी मुंबईहून पूल ओलांडून डर्बी बघायला जाणाऱ्यांची दुपारही अशीच जाते. रेसकोर्सवरची दारू आणि तिथली गर्दी यांचं विज्ञान या अर्ध्या तासात दडलेलं आहे.

क्रिकेट बघणारा माणूस खुर्ची सोडायला कचरतो, कारण उठला की नेमकी विकेट पडते. रेसकोर्सवर उठावंच लागतं. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात, घोडे बघायचे, टोटच्या म्हणजे पैजेच्या खिडकीवर पैसे लावायचे, आणि वाटेत बार असतोच. प्रत्येक मध्यंतरात एक पेग, असा ताल आपोआप बसतो.

त्या तालाचा हिशेब मांडून बघू. आपल्याकडची व्हिस्की किंवा रम साधारण 42.8 टक्के तीव्रतेची असते. तीस मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये त्या हिशेबाने सुमारे 10 ग्रॅम अल्कोहोल येतं. (650 मिलिलिटरच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीत ते 40 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चार छोट्या पेगांएवढं असतं. ‘बिअरच तर आहे’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.) सात मध्यंतरांत सात छोटे पेग म्हणजे 70 ग्रॅम. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी 1932 मध्ये मांडलेलं सूत्र आजही न्यायवैद्यकात वापरतात. त्यानुसार सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात साडेतीन तासांनी दर 100 मिलिलिटरमागे 90 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल उरतं. पंचावन्न किलोच्या स्त्रीच्या बाबतीत हाच आकडा पावणेदोनशेच्या घरात जातो, कारण वजन कमी आणि शरीरातल्या पाण्याचं प्रमाणही कमी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे 30 मिलिग्रॅमची.

यकृत अल्कोहोल काढून टाकतं ते जवळपास ठरलेल्या गतीने. रक्तातली पातळी तासाला साधारण 15 मिलिग्रॅमने उतरते. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी ती गती वाढत नाही. म्हणजे आपल्या सत्तर किलोच्या गृहस्थांना कायद्याच्या मर्यादेत यायला शेवटच्या शर्यतीनंतर आणखी चार तास लागतात. तोवर ते ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून घोडबंदर रोडला पोहोचलेलेही असतात, आणि मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याच प्रवासाची.

पण आकडा म्हणजे वागणूक नव्हे. सारखीच प्यायलेली दोन माणसं अगदी वेगळी वागतात. अल्कोहोल मेंदूतल्या गाबा या शांतवणाऱ्या संदेशवाहकाचा प्रभाव वाढवतं आणि ग्लुटामेट या चेतवणाऱ्याचा कमी करतं. कपाळामागच्या भागावर, जिथे आपण पुढचा-मागचा विचार करतो, त्याचा परिणाम लवकर दिसतो. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये याचा अर्थ असा लावला की दारूने लक्षाचा पट्टा अरुंद होतो. समोरचं, ठळक, आत्ताचं तेवढं दिसतं. दूरचे परिणाम नजरेआड जातात. समोर मित्र हसत असेल तर माणूस जास्त प्रेमळ होतो, आणि रांगेत कोणी खांदा मारला तर तो खांदाच सारं जग होऊन बसतो.

रेसकोर्सवर ठळक गोष्टींना तोटा नाही. आपला घोडा नाकभर अंतराने हरला, तर ती हार मेंदूला ‘थोडक्यात हुकलं’ अशी जाणवते. केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं, की असं थोडक्यात हुकणं मेंदूतल्या बक्षिसाशी निगडित भागांना जिंकण्यासारखंच चेतवतं आणि पुन्हा खेळावंसं वाटायला लावतं. त्यात पट्टा अरुंद झालेला, आणि पुढच्या पैजेला अजून अर्धा तास.

हरलेली माणसं भांडतात, असा आपला समज असतो. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या शल्यचिकित्सकांच्या गटाने रग्बी आणि फुटबॉलच्या सामन्यांनंतर मारहाणीत जखमी होऊन रुग्णालयात आलेल्यांची नोंद तपासली. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष उलटा होता. वेल्स जिंकल्यावर जखमी जास्त येत. जिंकलेला माणूस जास्त वेळ, जास्त आत्मविश्वासाने पीत राहतो, हे त्याचं एक संभाव्य कारण. याच शेफर्ड यांनी फुटलेल्या ग्लासांनी होणाऱ्या चेहऱ्याच्या जखमांचा पाठपुरावा केला आणि पबमध्ये कडक काचेचे ग्लास यावेत म्हणून आग्रह धरला. माणसाचा राग बदलता येत नसला, तरी त्याच्या हातातली वस्तू बदलता येते.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या प्रीकनेस स्टेक्स या शर्यतीत मैदानाच्या मधल्या हिरवळीवर लोकांना स्वतःची बिअर आणायची मुभा होती. भरलेले डबे एकमेकांवर फेकले जाऊ लागले. 2009 मध्ये आयोजकांनी बाहेरची दारू बंद केली, आणि त्या वर्षी गर्दी एकदम ओसरली. पुढच्या वर्षी त्यांनी आतच विकत घेतलेल्या मगमधून बिअर द्यायला सुरुवात केली. सरसकट बंदी आणि मोकळं रान यांच्या मधली ही वाट मला जास्त शहाणपणाची वाटते.

घोड्याचाही विचार करायला हवा. ठाण्यात किंवा नवी मुंबईत रेसकोर्स नाही, पण लग्नसराईत ऐरोली-कळव्याच्या रस्त्यांवर डीजेपुढे नाचणारे वऱ्हाडी आणि त्यांच्यात उभा घोडा हे दृश्य ओळखीचं आहे. घोड्याला जवळपास 350 अंशांतलं दिसतं. न दिसणारा पट्टा असतो शेपटीमागे आणि थेट कपाळासमोर थोडासा. प्यायलेला माणूस नेमका त्याच्या मागे झोकांड्या देत येतो आणि पुठ्ठ्यावर थाप मारतो. पळून जीव वाचवणाऱ्या प्राण्याला गर्दीत पळता येत नाही, तेव्हा लाथ उरते. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये 28 घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली; रागीट चेहरा बघून त्यांच्या हृदयाचे ठोके जास्त झपाट्याने वाढले. म्हणजे नाचणाऱ्यांचा मूड घोड्यापर्यंत पोहोचतो, आणि घोडेवाल्याने ‘जरा मागे सरा’ म्हटलं की मुकाट्याने सरावं.

राहिली गर्दी. गर्दीत माणूस विवेक गमावतो, हे गुस्ताव्ह ल बॉं या फ्रेंच लेखकाने 1895 मध्ये लिहिलं आणि ते फार टिकलं. जॉन ड्रुरी यांच्यासारख्या आजच्या संशोधकांना संकटातली गर्दी बहुधा एकमेकांना मदत करताना दिसते. जीव जातो तो घनतेने. चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की कोणी स्वतःच्या इच्छेने हलू शकत नाही, दाबाच्या लाटा वाहू लागतात. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावरच्या चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसं गेली, आणि ती पावसात अडकलेली साधी प्रवासी मंडळी होती. दारू या घनतेत भर घालते ती तोल आणि अंदाज बिघडवून.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेच्या मैफली झाल्या, 2 नोव्हेंबर 2025 ला महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. असे मोठे कार्यक्रम नवी मुंबईत वाढतच जाणार, आणि जिथे बिअर विकली जाईल तिथे शेवटचा ग्लास केव्हा द्यायचा हा प्रश्न येणार. पोटातल्या दारूचा रक्तातला चढ अर्ध्या ते दीड तासाने शिगेला पोहोचतो. कार्यक्रम संपताना घेतलेला ग्लास म्हणूनच स्टेशनच्या जिन्यावर चढतो. तासभर आधी विक्री थांबवली, तर कोणी शुद्धीवर येत नाही, पातळी फार तर 15 मिलिग्रॅम उतरते. पण जिन्यावर पोहोचेपर्यंत बहुतेकांचा आलेख चढायचा तरी थांबलेला असतो. त्यानंतरही खाण्याचे स्टॉल आणि संगीत चालू ठेवलं, पाणी फुकट दिलं, की काही हजार माणसं अर्धा तास मागे रेंगाळतात, आणि जिन्यावरची घनता तेवढी कमी होते.