धार आहे, तरी कापत नाही

पावसाळ्याआधी सोसायटीत चेनसॉने, म्हणजे दातेरी चेन फिरवणाऱ्या यंत्र-करवतीने, फांद्यांची छाटणी चालू होती. चेनसॉवाल्याने सकाळीच गोल कानस मारून दात चकचकीत केले होते. तरी गुलमोहराच्या फांदीवर चेन नुसती घुरघुरत होती आणि खाली पिठासारखा भुसा पडत होता. "मशीन दमलंय," तो म्हणाला.

मशीन ठणठणीत होतं. चेनच्या प्रत्येक दातापुढे एक बुटका उंचवटा असतो, त्याला डेप्थ गेज म्हणतात. सुताराचा रंधा आठवा. पातं तळाच्या जेवढं बाहेर, तेवढी ढलपी जाड. इथे तळाचं काम हा उंचवटा करतो. तो लाकडाला टेकतो आणि दाताला आपल्यापेक्षा जितका उंच असेल तितकाच आत शिरू देतो. बऱ्याच चेनमध्ये हा फरक ०.०२५ इंच, म्हणजे जेमतेम ०.६४ मिमी असतो.

आता गंमत अशी, की दाताचा माथा मागे उतरता असतो. कानस मारली की धार मागे सरकते आणि त्या उतारावरून खालीही येते. उंचवटा मात्र होता तिथेच! दर धारेला फरक घटतो आणि शेवटी वस्तऱ्यासारखा दात लाकडाला नुसता चाटून जातो.

ढलप्या काढणारी ही चेन जोसेफ कॉक्स या अमेरिकी लाकूडतोड्याला १९४६ मध्ये सुचली, तीही ओरेगनच्या जंगलात लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचे जबडे बघून.

उंचवटा जास्त घासला तर उलटं संकट. दात मोठा घास घेतो आणि अडकतो. चेन फिरवणारं सात दात्यांचं चक्र, ३/८ इंची चेन, मिनिटाला १०,००० फेरे धरले तर चेनचा वेग ताशी ८० किमी भरतो. त्या वेगात बारच्या, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीच्या, टोकाचा वरचा भाग कशाला लागला, की अख्खा बार उसळून माणसाच्या अंगावर येतो. हाच किकबॅक. पिंपळावर असं झालं की मुंजाचं नाव पुढे येतं. मुंजा बिचारा चेन-ब्रेकची, म्हणजे असा झटका बसला की चेन थांबवणाऱ्या ब्रेकची, निगा राखत नाही, एवढाच त्याचा दोष.

चेनसॉवाल्याच्या पेटीत मापाची पट्टी होती, चपटी कानस नव्हती. घरातली आणून दिली. मशीन बंद करून, पट्टी ठेवून, त्याने प्रत्येक उंचवट्यावर दोन-दोन हात मारले. पुढच्या फांदीला ढलप्या थेट माझ्या चपलेपर्यंत उडाल्या.