वक्री शुक्र आणि गुजरीतलं सोनं

२०२५ साली शुक्र २ मार्चला वक्री झाला, म्हणजे आकाशात उलटा सरकू लागला, आणि १३ एप्रिलला मार्गी, म्हणजे पुन्हा सुलटा. मध्ये ३० मार्चला गुढीपाडवा आला. 'वक्री शुक्रात दागिना घेऊ नका, नवं प्रेम जुळवू नका, जुनं माणूस परत दारात येईल' हा मोबाइलवर फिरणारा सल्ला पाळायचा, तर ऐन पाडव्याला कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफांनी शटर ओढून बसायला हवं होतं. मग हा सल्ला आला कुठून?

वक्री हा शब्द आपल्याकडं जुनाच आहे. सूर्यसिद्धान्तात ग्रहांच्या आठ गती सांगितल्या आहेत. वक्र, अनुवक्र, मंद, शीघ्र अशी त्यांची नावं. ग्रह खरोखर मागं फिरत नाही. शुक्र आतल्या कक्षेतून पृथ्वीला मागं टाकतो, तेव्हा आपल्याला तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उलटा सरकताना दिसतो. दर १९ महिन्यांनी, साधारण सहा आठवडे.

सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत शुक्राच्या चालीवर एक अख्खा अध्याय लिहिला. त्यात पाऊस आहे, धान्य आहे, राजांची युद्धं आहेत. मंगळाच्या वक्रीला तर त्यानं उष्ण, अश्रुमुख, व्याल अशी पाच वेगवेगळी नावं दिली. प्रेमिकांची ताटातूट मात्र यात कुठं नाही. ग्रहांची चाल ही तेव्हा राजाची आणि शेतकऱ्याची काळजी होती.

माणसाच्या पत्रिकेत शुक्र कलत्रकारक, म्हणजे जोडीदार दाखवणारा. ज्या सप्तम स्थानावरून लग्न बघतात त्याला जामित्र म्हणतात, आणि हा शब्द मूळचा ग्रीक; व्यासाच्या टोकाला, म्हणजे अगदी समोर असलेलं स्थान. देवाणघेवाण तेव्हाही चालू होतीच. पण एका बाबतीत वाटा वेगळ्या झाल्या. पाश्चात्त्य ज्योतिषात वक्री ग्रह दुबळा धरतात. आपल्याकडं वक्री ग्रहाला चेष्टाबल मिळतं, तो बलवान होतो. मोबाइलवरचा सल्ला पाश्चात्त्य ज्योतिषातला आहे. (मराठी माणसाला शुक्राचार्य आठवतात ते प्रेमासाठी नव्हे, तर झारीत अडकून डोळा गमावल्याबद्दल, हा भाग वेगळा.)

आपल्या पंचांगात लग्नाला अडतो तो शुक्राचा अस्त. सूर्याच्या फार जवळ गेल्यामुळं शुक्र दिसेनासा झाला की भटजी तारीख काढून देत नाहीत. असा अस्त वक्री काळाच्या मधोमध येतो, आणि शुक्र सूर्याच्या पलीकडं जातो तेव्हाही येतो. हा दुसरा अस्त कितीतरी लांबतो आणि त्या वेळी शुक्र मार्गी असतो. सोन्याला तर हाही नियम नाही. तिथं गुरुपुष्य बघायचं, म्हणजे गुरुवारी चंद्र पुष्य नक्षत्रात आहे का. नाहीतर साडेतीन मुहूर्त आहेतच.

आता दागिन्याकडं बघू. अंबाबाईच्या आवारात नवग्रहांचं देऊळ आहे आणि तिथून गुजरी चालत काही मिनिटांवर. तरी कोल्हापुरी साजात ग्रह शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. पारंपरिक साजाला २१ पानं. त्यातली दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक आणि पाचूची, आणि एक ताईत. मासा, कासव, शंख, चंद्र, बेलपान असे आकार, पानांच्या पोटात लाख, मध्ये जवमणी. माणिक सूर्याचं रत्न, पाचू बुधाचं. शुक्राचा हिरा या मांडणीत नाहीच! लग्न झालेल्या बाईच्या गळ्यात मंगळसूत्राच्या तोलानं मिरवणारा हा दागिना, आणि प्रेमाच्या ग्रहाला त्यात जागा नाही. माझा अंदाज असा की घडवणाऱ्यानं रंग बघितला, लाल आणि हिरवा. पिवळ्याधमक सोन्यावर दुसरं काय इतकं उठून दिसणार?

२०२६ मध्ये शुक्र ३ ऑक्टोबरला वक्री होतो आणि १४ नोव्हेंबरला मार्गी. दसरा २० ऑक्टोबरला आणि दिवाळीचा पाडवा १० नोव्हेंबरला, म्हणजे दोन्ही मुहूर्त त्यातच. दसरा चौकात संध्याकाळी आपट्याचं सोनं लुटून झाल्यावर पश्चिमेला शुक्र शोधलात तर तो सापडणार नाही. २४ ऑक्टोबरला तो सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये येतोय.