परीक्षानळीतला रंग कशाचा?
जैवरेणू तपासणी संचासोबतचे माहितीपत्रक

या संचाबद्दल आमच्याकडे एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: “बेनेडिक्टचे द्रावण खराब आहे. साखर घालून उकळले तरी निळेच राहिले.” शर्करा ओळखणारे हे तांबेयुक्त निळे द्रावण चांगले आहे. साखर शुद्ध असेल तर ते निळेच राहायला हवे.

कारण असे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन्ही साध्या शर्करांच्या रेणूत ६ कार्बन, १२ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन अणू असतात. फरक फक्त मांडणीचा. पाण्यात या रेणूंची बहुधा कडी झालेली असते. कडीतला एक कार्बन असा असतो की तिथे ती उघडू शकते. उघडलेला रेणू बेनेडिक्टच्या द्रावणातील तांब्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतो आणि विटकरी रंगाचा क्युप्रस ऑक्साइड तळाशी बसतो. म्हणजे ही चाचणी गोडी ओळखत नाही, उघडू शकणारे टोक ओळखते.

साखर म्हणजे सुक्रोज: एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज जोडून, मधला पाण्याचा एक रेणू बाहेर टाकून झालेला रेणू. त्यांची रेणुवस्तुमाने मांडून पाहा: १८० + १८० − १८ = ३४२. ही जोडणी नेमकी दोन्ही कड्यांच्या उघडणाऱ्या कार्बनांमध्ये होते, त्यामुळे एकही टोक मोकळे उरत नाही. लॅक्टोज आणि माल्टोज यांतही दोन-दोन कड्याच आहेत, पण त्यांत एक टोक सुटे राहते. म्हणून त्यांच्या नळ्या विटकरी होतात.

सुक्रोज दाखवायचाच असेल तर नमुन्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकून काही मिनिटे उकळा. बंध तुटतो, दोन्ही शर्करा सुट्या होतात. नळी थंड झाल्यावर फसफसणे थांबेपर्यंत चिमटी-चिमटीने खाण्याचा सोडा घाला आणि मगच बेनेडिक्ट वापरा. सोड्याची पायरी गाळू नका. ही अभिक्रिया आम्लारीधर्मी द्रावणातच होते.

हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा रंगांचा क्रम शर्करेच्या वाढत्या प्रमाणाचा अंदाज देतो. त्यावरून टक्केवारी काढू नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. क जीवनसत्त्वही तांब्याला इलेक्ट्रॉन देते, तेव्हा नळी विटकरी झाली म्हणजे शर्करा असलीच पाहिजे असेही नाही.

आयोडीनची चाचणी वेगळ्या तत्त्वावर चालते. स्टार्चमधील अमायलोजची साखळी मळसूत्रासारखी वळलेली असते. आयोडीन तिच्या पोकळीत रांगेने बसते आणि गडद निळा रंग येतो. नळी तापवली की रंग जातो, थंड झाली की परत येतो. विद्यार्थ्यांना हे जरूर करून दाखवा. सेल्युलोजही ग्लुकोजचेच बनलेले असते, पण त्यातील बंधांची दिशा वेगळी असल्याने साखळ्या सरळ राहतात. पोकळी नाही, म्हणून तो निळा रंगही नाही. बंधाच्या याच फरकामुळे स्टार्च पचवणारी आपली विकरे सेल्युलोजपुढे निष्प्रभ ठरतात.

प्रथिने ओळखणाऱ्या बाययुरेट चाचणीचा जांभळा रंग पेप्टाइड बंधांचा, म्हणजे अमिनो आम्लांना एकमेकांशी जोडणाऱ्या बंधांचा असतो. सुट्या अमिनो आम्लांच्या द्रावणात तो सहसा दिसत नाही.

खनिजांसाठी मात्र नमुना थेट नळीत टाकून भागत नाही. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे ४ अणू असतात, पण प्रत्येक अणू नायट्रोजनच्या चार अणूंनी कडीत पकडून ठेवलेला असतो. लोह ओळखणाऱ्या थायोसायनेटला तो हाती लागत नाही. हरितद्रव्यात तशाच कडीत मॅग्नेशियम असते. म्हणून आधी सेंद्रिय भाग जाळून टाकावा लागतो. सुमारे ५५० अंश सेल्सिअसला कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन वायुरूपाने निघून जातात आणि कॅल्शियम, लोह, फॉस्फेट राखेत उरतात. ही राख प्रयोगशाळेच्या भट्टीतच करावी. ती सौम्य नायट्रिक आम्लात विरघळवून गाळा. गाळलेल्या द्रावणाचा एक भाग अमोनियम मॉलिब्डेटसह कोमट केल्यावर पिवळा झाला तर फॉस्फेट आहे. दुसरा भाग थायोसायनेटने रक्तासारखा लाल झाला तर लोह. आयोडीन राखेत शोधू नका, एवढ्या उष्णतेत ते उडून जाऊ शकते.

प्रत्येक चाचणीसोबत नमुन्याऐवजी फक्त पाणी घातलेली एक नळी ठेवा. तिलाही रंग आला तर दोष नमुन्याचा नाही. नळ्या घासून, ऊर्ध्वपातित पाण्याने विसळून पुन्हा सुरुवात करा. बाययुरेटच्या बाटलीत सोडियम हायड्रॉक्साइड आहे, ते त्वचा आणि डोळे भाजते. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय ती उघडू नये. आयोडीनची बाटली अंधारात ठेवावी. तांबे असलेली वापरलेली द्रावणे मोरीत न ओतता झाकणाच्या वेगळ्या डब्यात साठवावीत.