मूळ घरी, प्रत खिशात

सीडीवरचं तासाभराचं संगीत म्हणजे सुमारे ६३५ मेगाबाइट. हिशेब सोपा आहे. सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजायची, प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहायचं आणि हे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी करायचं. सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. शास्त्रीय मैफली, नाट्यसंगीत, भावगीतं अशा सीडी वर्षानुवर्षं जमवून ज्यांनी त्या फ्लॅक या, आवाजातलं काहीच न गमावणाऱ्या फाईल-स्वरूपात संगणकावर उतरवून घेतल्या, त्यांचा साठा बघता बघता शेकडो गिगाबाइटवर जातो. घरच्या हार्ड डिस्कला त्याचं ओझं होत नाही. खिशातल्या प्लेअरला होतं. ६४ जीबीच्या कार्डात फ्लॅकचं संगीत साधारण १८० तास मावतं, तर १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिटांच्या, फाईलींत तेच अकराशे तासांवर जातं.

म्हणून लहान फाईली कराव्या लागतात आणि त्यात गैर काहीच नाही. फक्त फ्लॅक हे मूळ आणि लहान फाईल ही त्याची प्रत, हे विसरून चालत नाही. जागा मोकळी करायची म्हणून मूळ पुसून टाकणारे पुष्कळ भेटतात, आणि ते नुकसान नंतर कशानेही भरून निघत नाही. असं का, हे समजायला दोन्ही फाईलींच्या पोटात काय चालतं ते पाहायला हवं.

फ्लॅक काहीच टाकून देत नाही. जॉश कोल्सन यांनी २००० मध्ये हे काम हाती घेतलं आणि २००१ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली. त्यामागची कल्पना अंदाजाची आहे. समजा, लागोपाठची दोन मोजमापं १००० आणि १०४० आहेत. लहर याच चालीने चढत राहिली तर तिसरं मोजमाप १०८० यायला हवं. प्रत्यक्षात आलं १०८३. मग १०८३ लिहायचं कारण नाही, अंदाज ३ ने चुकला एवढंच लिहायचं. वाजवताना फाईल उलगडणारा प्रोग्रामही तोच अंदाज बांधतो, त्यात ३ मिळवतो आणि मूळ आकडा जसाच्या तसा परत मिळतो. लहान आकडे थोडक्या बिटांत लिहिण्याची जी पद्धत फ्लॅक वापरतं, ती रॉबर्ट राइस यांनी अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत अंतराळयानांकडून येणाऱ्या माहितीसाठी बसवली होती. फ्लॅक करताना ० ते ८ असे स्तर निवडता येतात. त्यांचा दर्जाशी संबंध नाही. संगणकाने अंदाज बांधायला किती खपायचं, एवढंच त्यातून ठरतं.

अंदाज जितका बरोबर, तितकी फाईल लहान. म्हणून एखादा संथ आलाप छान आटोपशीर होतो आणि ७८ आरपीएमच्या जुन्या तबकडीवरून घेतलेलं तीन मिनिटांचं पद मात्र दाद देत नाही. त्या तबकडीची खरखर निव्वळ यादृच्छिक असते, पुढच्या क्षणी ती कुठे जाईल याचा अंदाज बांधताच येत नाही. उलट मोनो ध्वनिमुद्रण सीडीवर दोन्ही बाजूंना हुबेहूब सारखं असेल, तर फ्लॅकला दोन बाजूंमधला फरक शून्य दिसतो आणि अर्धं काम तिथेच संपतं. एकंदरीत फाईल मूळच्या पन्नास-साठ टक्क्यांवर येते. त्याखाली जायचं तर काहीतरी सोडावंच लागतं, आणि काय सोडायचं ते कानावरून ठरतं.

बेल लॅबोरेटरीजमध्ये हार्वी फ्लेचर आणि पुढे जर्मनीत एबरहार्ड त्स्विकर यांनी कानाचा जो अभ्यास केला, त्यातून एक गोष्ट पक्की झाली. एखादा स्वर जोरात लागलेला असेल, तर त्याच्या आसपासच्या वारंवारतेतला हलका आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. याला मास्किंग म्हणतात. एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यात मोठा वाटा उचलला ते एमपी३ चं मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं, ते याच पायावर उभं आहे. एमपी३ ‘न ऐकू येणारे आवाज कापतं’ असं सरसकट सांगितलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. मुख्यतः ते मोजमापं मुद्दाम ढोबळ करतं. ढोबळ मोजल्याने एक बारीक खरखर तयार होते. ती खरखर ठळक स्वरांच्या आड दडेल, अशा बेताने कुठे किती ढोबळ मोजायचं ते ठरवलं जातं.

आपल्या संगीतात या युक्तीची खरी कसोटी लागते. एमपी३ आवाजाचे छोटे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्यात कोणती वारंवारता किती आहे ते पाहतं. लांब तुकड्यात ५७६ पट्टे असतात, प्रत्येक पट्टा सुमारे ३८ हर्ट्झचा. तुकडा लांब असेल तर स्वर नेमका ओळखता येतो, पण आवाज नेमका कोणत्या क्षणी झाला ते धूसर होतं. तुकडा आखूड केला की याच्या उलट. आता मैफलीत तानपुरा चालू आहे. जवारीमुळे एका तारेतून निघणारे असंख्य उपस्वर काही सेकंद रेंगाळतात, त्यांना लांब तुकडा हवा. तेवढ्यात तबल्याच्या चाटेवर ‘ना’ पडतो. तो क्षणार्धात उसळतो, त्याला आखूड तुकडा हवा.

लांब तुकडाच ठेवला तर काय होतं? ढोबळ मोजणीची खरखर संपूर्ण तुकडाभर पसरते, म्हणजे थाप पडण्याच्या आधीच्या शांततेतही. थापेनंतरची खरखर कानाला कळत नाही, कारण मोठ्या आवाजानंतर शंभरेक मिलिसेकंद कान हलके आवाज टिपत नाही. थापेच्या आधी मात्र ही सवलत जेमतेम काही मिलिसेकंदांची, आणि तुकड्याची खिडकी २६ मिलिसेकंदांची. म्हणून ‘ना’च्या आधी एक अस्पष्ट फसफस ऐकू येते आणि थापेची धार बोथट होते. याला पूर्वप्रतिध्वनी म्हणता येईल. चांगला एन्कोडर, म्हणजे एमपी३ फाईल तयार करणारा प्रोग्राम, थाप येतेय हे ओळखून तेवढ्यापुरते तुकडे एक तृतीयांश लांबीचे करतो. पण मग त्या क्षणी तानपुऱ्याचे उपस्वर नीट धरायला जास्त बिट लागतात. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये ते नसतात. स्वतंत्र तबलावादन किंवा सरोदचा झाला त्या दर्जात ऐकताना जी ओढाताण जाणवते, ती इथून येते.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते: बिटांचा दर स्थिर ठेवण्यापेक्षा गरजेप्रमाणे बदलू द्यावा. लेम या मोफत एन्कोडरमध्ये व्ही२ हा दर्जाचा स्तर निवडला तर सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास पडते, व्ही० ला २४५. अवघड जागी तो हात सैल सोडतो, सोप्या जागी आखडतो. प्लेअर नवा असेल तर मी ओपस सुचवेन. २०१२ मध्ये मानक झालेलं हे स्वरूप १२८ केबीपीएसला बहुतेक संगीतात बहुतेकांना मुळापासून वेगळं ओळखता येत नाही. प्लेअर जुना असेल तर एमपी३ला पर्याय नाही, आणि व्ही२ ला तो उत्तम वाजतो. आकड्यांवर विश्वास ठेवण्याऐवजी स्वतः पडताळणं सर्वांत चांगलं. फूबार२००० या संगणकावरच्या प्लेअरमध्ये एबीएक्स चाचणी करता येते: मूळ आणि प्रत नाव न दाखवता वाजवली जाते आणि कोणती कोणती ते आपण सांगायचं. तबल्याचा एखादा उठावदार तुकडा निवडा आणि हेडफोन लावून ऐका.

आता मूळ का जपायचं ते. एमपी३ ने खरखर लपवली ती स्वतःच्या तुकड्यांच्या आणि पट्ट्यांच्या हिशेबाने. त्याच फाईलपासून एएसी (असंच आणखी एक स्वरूप) किंवा ओपस केलं, तर दुसऱ्या एन्कोडरचे तुकडे वेगळ्या जागी पडतात. तो पहिल्याची खरखर संगीत समजून तीही जपायला बिट खर्च करतो आणि वर स्वतःची नवी खरखर घालतो. जे नेमकं झाकलेलं होतं ते उघडं पडू लागतं. एमपी३ चं फ्लॅक करणं तर आणखी फसवं आहे: फाईल कितीतरी पट फुगते, गेलेलं काहीच परत येत नाही, आणि पुढे कुणाला वाटतं की हे मूळ आहे. संशय आला तर स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती वारंवारता किती आहे याचं चित्र, पाहावा. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मधून आलेलं संगीत १६-१७ किलोहर्ट्झच्या वर एकदम कापल्यासारखं सपाट दिसतं. ब्लूटूथ हेडफोनला पाठवताना आवाज बहुधा पुन्हा एकदा आक्रसला जातो, तेव्हा ब्लूटूथवरच ऐकणाऱ्यांनी प्रतीला थोडा जास्त दर द्यावा. मूळ घरी असलं की असे निर्णय हवे तेव्हा बदलता येतात.

तानपुऱ्यामुळेच उघडी पडणारी आणखी एक अडचण आहे. एक राग सलग वाजतो, पण सीडीवर विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक केलेले असतात. एमपी३ मध्ये आवाज १,१५२ मोजमापांच्या चौकटींत बसवावा लागतो. ट्रॅक बरोबर चौकटीच्या कडेला संपत नाही, म्हणून शेवटी शांतता भरली जाते. सुरुवातीलाही एन्कोडरची ५७६ आणि उलगडणाऱ्याची ५२९ मोजमापं वाया जातात. चित्रपटगीतांत हे कळतही नाही. इथे मात्र दोन ट्रॅकच्या सांध्यावर षड्ज क्षणभर तुटतो, आणि रागात शिरलेल्या माणसाला तो धक्का असतो. लेम ही भर किती होती याची नोंद फाईलमध्ये ठेवतो, पण प्लेअरने ती वाचायला हवी. न वाचणारा प्लेअर असेल तर अखंड राग एकाच फाईलमध्ये करावा.

शेवटी नावांचं. फ्लॅकमध्ये राग, ताल, गायक ही माहिती यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या सामावणाऱ्या संकेतपद्धतीत असते, त्यामुळे देवनागरीला अडचण नाही. एमपी३ च्या पहिल्या आयडी३ टॅगमध्ये, म्हणजे नाव-माहितीच्या कप्प्यात, गाण्याच्या नावाला ३० बाइट होते आणि देवनागरीची सोयच नव्हती. जुने प्लेअर तोच टॅग वाचायला जातात आणि पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं उमटतात. रूपांतर करताना आयडी३ ची २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ निवडलं तर बऱ्याच प्लेअरवर नावं नीट दिसतात. तरीही दिसली नाहीत तर प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नाही. अशा वेळी फक्त प्रतीतली नावं रोमन लिपीत करावीत, घरच्या फ्लॅकमधल्या देवनागरीला हात लावू नये.