दारावरची वीज-गॅस फसवणूक (ग्रामीण विदर्भ)

वीज, गॅस, सोलर किंवा पाणी तापवायच्या साधनाच्या नावाखाली न बोलावता घरी येऊन, बरेचदा सरकारी माणूस असल्याचं भासवून, घरच्यांकडून पैसे, सही नाहीतर अंगठा घेणे. गावात याला वेगळं असं नाव नाही, "चेकिंगवाले येऊन गेले" एवढंच म्हणतात.

उगमाबद्दल दोन मतं दिसतात. एक मत असं की हा प्रकार ऊर्जेचा बाजार खुला झाल्यावरचा. ब्रिटनमध्ये साधारण १९९० च्या दशकाच्या शेवटी घरगुती ग्राहकाला वीज-गॅसची कंपनी बदलायची मुभा मिळाली आणि एजंट दारोदार फिरायला लागले. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात तर घर गरम ठेवायची भट्टी आणि गिझर भाड्याने द्यायचे लांबलचक करार दारातच सही करून घ्यायचे आणि घराच्या नोंदीवर बोजा चढवायचे, आपल्याकडे सातबारावर चढतो तसाच, आणि ते कळायचं घर विकायला काढल्यावर. तिथे १ मार्च २०१८ पासून अशी न बोलावता होणारी विक्री बंद केली, २०२४ मध्ये तो बोजा चढवायची सोयही काढून टाकली. दुसरं मत असं की ही फिरत्या विक्रेत्याची जुनीच चाल आहे, फक्त माल बदलला. विदर्भाच्या खेड्यांपुरतं हे दुसरं मत जास्त पटतं, कारण इथे घरोघरी वीज देणारी कंपनी एकच, महावितरण (२००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन झालेली), मग "कंपनी बदला" म्हणणारा एजंट इथे येणार कशाला, तो येतो महावितरणचा किंवा गॅस एजन्सीचा माणूस बनून. म्हणजे इथला सगळा खेळ खोट्या ओळखीवर चालतो. आणि वेळही दुपारची, घरचे वावरात आणि दारात म्हातारी माणसं.

सगळ्यात चिवट प्रकार पॉवर सेव्हरचा. प्लगात लावायचा छोटा डबा, आत मुख्यतः एक कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून परत सोडणारा भाग) आणि एक दिवा. विकणारा कूलर चालू करून वायरला क्लॅम्प मीटर (करंट मोजायचा चिमटा) लावतो आणि करंट कमी झालेला दाखवतो, आणि तो खरंच कमी होतो, इथेच शिकलेला माणूससुद्धा फसतो. कूलर, पंखा, मोटर कामाच्या करंटसोबत रिॲक्टिव्ह करंटही (काम न करता नुसता ये-जा करणारा) ओढतात, कपॅसिटर तो भाग जागच्या जागी भागवतो म्हणून ॲम्पिअर उतरतात, पण घरगुती बिल किलोवॅट-तासावर, म्हणजे आपल्या युनिटवर निघतं आणि त्यात हा भाग मोजलेलाच नसतो, त्यामुळे बिल जिथल्या तिथे राहतं. घरातल्या वायरिंगमधला तोटा थोडा वाचतो असंही सांगतात, ते तत्त्वाला धरून आहे, पण घराच्या वायरीच्या लांबीत नगण्य. शेतातल्या मोटरीला कपॅसिटर लावा असं महावितरण स्वतःच सांगते, ते मात्र लाईनीवरचा भार आणि व्होल्टेज सांभाळायला. शेतकऱ्याला हे माहीत असतं, म्हणूनच त्याला डबाही खरा वाटतो. "मीटर स्लो करून देतो" म्हणणाऱ्याची गोष्ट निराळी, ती सरळ वीजचोरी (वीज कायदा २००३, कलम १३५) आणि त्यात अडकतो घरमालक.

गॅसवाले नळी आणि रेग्युलेटर "बाद झालं" म्हणून बदलतात. नळीवर तारीख छापलेली असते, सुरक्षा नळीचं आयुष्य साधारण ५ वर्षं, आपण स्वतः वाचून घ्यावी आणि गॅसच्या पुस्तकावरच्या नंबरवर एजन्सीला विचारावं की माणूस पाठवला का.

सोलरमध्ये रक्कम मोठी. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत (२०२४) १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,०००, ३ आणि त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान आहे आणि ते सिस्टीम बसल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतं, म्हणून "काकाजी, सबसिडी मंजूर करायला आधी नगदी द्या" हे खोटंच समजावं. सौर कृषी पंपाला शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के, तोही पोर्टलवरूनच भरायचा. आधार कार्ड आणि अंगठ्याची मशीन घेऊन कोणी "नोंदणी" करतो म्हणाला तर अंगठा देऊच नये, आधारला जोडलेल्या खात्यातून अंगठ्यावर पैसे निघतात. म्हाताऱ्या माणसांचं बायोमेट्रिक (अंगठा-डोळ्यांची ओळख) आधारच्या अधिकृत ॲपमधून लॉक करून ठेवलेलं फार बरं.

"आज लाईन कापतो" ही धमकी सगळीकडची. थकबाकीसाठी वीज तोडायची तर वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे आधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. खात्री करायला महावितरणच्या १९१२ या नंबरवर फोन करावा.

डिसेंबर २०२१ च्या थेट विक्री (दुकानाशिवाय, विक्रेत्यांमार्फत माल विकणे) नियमांनुसार ओळखपत्र आणि आधी ठरवलेली वेळ किंवा संमती याशिवाय विक्रेत्याने घरी जाऊ नये. पण नियमात "विक्रेत्यांचं जाळं" असा शब्द असल्याने एकटा फिरणारा माणूस त्यात बसतो का यावर मतभेद होऊ शकतो. त्यापेक्षा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आधार पक्का: बिल न देणं ही त्यात अनुचित व्यापार प्रथाच आहे आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा, पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. म्हणून पावती मागावी, गाडीच्या नंबरचा फोटो काढावा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत २ वर्षांची, आणि विकणारा परराज्यातला असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. पोलिसांत फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, तोतया सरकारी माणसाला कलम २०४. पैसे ऑनलाईन गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन, मग ठाणे.