झिजलेल्या नाण्याचं वजन

जुन्या नाण्यांच्या बाजारात गुळगुळीत नाण्याला कोणी विचारत नाही. विक्रेता अशी नाणी एका वेगळ्या डब्यात टाकतो आणि चांदीची असतील तर चांदीच्या भावाने, नाहीतर किलोवर विकतो. अमेरिकेत मात्र मुद्दाम अशीच नाणी जमवणारे लोक आहेत. तिथे विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये नाण्यांच्या प्रतीसाठी १ ते ७० गुणांचं मोजमाप सुचवलं. ७० म्हणजे निर्दोष आणि १ म्हणजे नाणं कुठलं एवढंच कसंबसं ओळखता येतं. हे संग्राहक १ गुणाच्या मागे असतात. मला त्यांचं म्हणणं पटतं. कोरं नाणं टांकसाळीबद्दल सांगतं, तर झिजलेलं नाणं बाजाराबद्दल. आणि बाजाराने लिहिलेला हा मजकूर चक्क तराजूवर वाचता येतो.

१८६२ सालचा व्हिक्टोरिया राणीचा रुपया घ्या. टांकसाळीतून निघाला तेव्हा त्याचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा होतं. त्यात अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. वापरात सगळ्यात आधी राणीचा गाल सपाट होतो, मग मुकुटाची नक्षी आणि अंगावरच्या वस्त्राची वेलबुट्टी. कडेची अक्षरं बराच काळ टिकतात, कारण उंच काठ त्यांच्या वाटचा मार स्वतः खातो. या रुपयांवर १८६२ हेच साल पुढे १८७४ पर्यंत छापलं जात होतं. त्यामुळे मागच्या बाजूचे बारीक ठिपके बघून नाणं नेमकं कधीचं याचा अंदाज संग्राहक बांधतात. ठिपके झिजले की तोही मार्ग बंद होतो.

झीज अशी ठरावीक क्रमाने होते, कारण दोन पृष्ठभाग एकमेकांना पूर्ण चिकटत नाहीत. ते फक्त उंचवट्यांवर टेकतात आणि सगळा भार तेवढ्याच जागी येतो. दाब जितका जास्त आणि घासण्याचं अंतर जितकं जास्त, तितका धातू निघतो. धातू जितका कठीण, तितका कमी निघतो. हे गणित ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये सूत्रात मांडलं, पण टांकसाळवाल्यांना ते अनुभवाने आधीच ठाऊक होतं. शुद्ध चांदी मऊ असते, म्हणून तर तांब्याचा तो एक भाग.

झीज होते तरी किती? १९०६ च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपयाचं वजन २ टक्क्यांहून जास्त घटलं, तर तो कायदेशीर चलन राहत नसे. २ टक्के म्हणजे जेमतेम पाव ग्रॅम. नाण्याचा व्यास साधारण ३०.५ मिलिमीटर धरला आणि दोन्ही बाजू सारख्या झिजल्या असं मानलं, तर प्रत्येक बाजूचा सुमारे १५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) थर गेला असा हिशेब निघतो. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा लहानसा हिस्सा, आणि तेवढ्यावर रुपया बाद!

त्याआधी हे काम सराफ करत. नाणं जुनं झालं की ते झिजलेलं असणारच असं धरून सालावरूनच बट्टा, म्हणजे किमतीतली कपात, कापला जाई. हा बट्टा मोडायला ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये नामी उपाय काढला. नाणं कधीही पाडलेलं असो, त्यावर शाह आलम बादशहाच्या कारकिर्दीचं १९ वं वर्षच छापायचं. वयच कळलं नाही तर बट्टा कशावर लावणार?

सराफाच्या या जुन्या व्यवहारातून इतिहास मोजता येईल, हे ओळखलं गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. ते मूळचे गणिती, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवत. प्राचीन नाण्यांकडे वळण्याआधी त्यांनी रोजच्या वापरातली हजारो नाणी सालवार लावून तराजूवर तोलली. प्रत्येक व्यवहारात नाण्याचा अतिसूक्ष्म कण जातो. कुठलं नाणं किती हात फिरेल हे कोणालाच सांगता येत नाही: एक ट्रंकेत पडून राहतं, दुसरं रोज बाजारात असतं. पण एका सालची पुष्कळ नाणी एकत्र घेतली की दोन गोष्टी दिसतात. सरासरी वजन वर्षागणिक सारख्या वेगाने घटतं, आणि नाण्यानाण्यातला फरक वाढत जातो.

मग हेच त्यांनी तक्षशिलेच्या आहत, म्हणजे चिन्हांचे ठसे ठोकून केलेल्या प्राचीन नाण्यांना लावलं. तिथल्या भीर टेकाडावर १९२४ मध्ये सापडलेल्या साठ्यात हजाराहून जास्त चांदीची आहत नाणी होती. सोबत अलेक्झांडरची आणि त्याचा सावत्र भाऊ फिलिप याचं, अशी मोजकी ग्रीक नाणी, तीही जवळपास कोरी. म्हणजे साठा इसवीसनपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस पुरला गेला असावा. आहत नाण्यांवर ना राजाचं नाव, ना साल. पुढच्या बाजूला पाच चिन्हं, मागे बारीक ठसे. मागचे ठसे जितके जास्त, तितकं सरासरी वजन कमी, असं कोसंबींना आढळलं. नाणं चलनात असताना वेळोवेळी तपासून मारलेले ते ठसे असावेत, हा त्यांचा निष्कर्ष. शिवाय पुढच्या चिन्हांवरून गट पाडून गटांची सरासरी वजनं उतरत्या क्रमाने लावली, की कुठला गट आधीचा आणि कुठला नंतरचा हेही कळू लागतं. नाव नसलेल्या राजांचा क्रम झिजेवरून! भारतीय इतिहाससंशोधनात इतकी देखणी युक्ती मला दुसरी माहीत नाही.

गुळगुळीत नाण्यावरचं साल पुरतं गेलेलं असतं असंही नाही. ठसा बसताना वरचाच नव्हे, खालचाही धातू दाबला जातो आणि त्याची आतली रचना बदलते. अमेरिकेच्या १९१३ ते १९३८ च्या ‘बफेलो’ निकेलवर (पाच सेंटच्या नाण्यावर) साल उंचवट्यावर होतं, म्हणून तेच आधी गेलं. त्यावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला की पुसलेले आकडे पुन्हा उमटतात, कारण दाबलेला धातू रसायनाला वेगळा प्रतिसाद देतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत घासून टाकलेले बंदुकीचे क्रमांक याच तत्त्वावर वाचतात. मात्र नाण्यावर हा प्रयोग करू नये असं माझं ठाम मत आहे. साल मिळतं, पण पृष्ठभाग कायमचा जातो. चिंच लावून चकचकीत करण्याचंही तेच.

कोसंबींचा प्रयोग घरी करण्यासारखा आहे. १९९२ ते २००४ या काळातले स्टीलचे २५ मिलिमीटरचे रुपये अजूनही दुकानदाराच्या गल्ल्यात सापडतात. टांकसाळीचं वजन ४.८५ ग्रॅम. मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा, कारण स्टील चांदीपेक्षा खूप हळू झिजतं. नाणी धुऊन कोरडी करा, सालवार लावा आणि प्रत्येक सालची निदान पन्नास तरी तोला. एकट्यादुकट्या नाण्याच्या वजनावरून काहीच ठरवता येत नाही.