सेवेचं बिल थकलंय? फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज असा करतात

भोसरीतले एक एसीवाले माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत सर्व्हिस स्लिपांचा गठ्ठा होता. वर्षभराची एएमसी (देखभालीचा करार), चार बिलं थकलेली, मुद्दल दोन लाख. स्लिपांवर सह्या होत्या, पण बहुतेक गेटवरच्या वॉचमनच्या. तारीख तर एकीवरही नाही. आणि ज्या कंपनीचं काम केलं ती आता म्हणत होती, ‘काम नीट झालंच नव्हतं.’

मालाच्या बिलाला डिलिव्हरी चलन असतं. सेवेला तसं काही नसतं, म्हणून सेवेच्या थकबाकीत सगळं गाडं एका तारखेवर येऊन थांबतं: ग्राहकाने काम स्वीकारलं ती तारीख. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा, २००६ मधली पैसे देण्याची मुदत तिथूनच मोजतात, आणि ती संपली की व्याज सुरू होतं. थकबाकीचे वाद ऐकणारी फॅसिलिटेशन कौन्सिल याच कायद्यातली.

मुदत

लेखी करार असेल तर करारातली मुदत, पण ती स्वीकृतीपासून ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. वर्क ऑर्डरवर ‘पेमेंट ९० दिवसांनी’ छापलेलं असलं तरी कायद्यापुढे ते टिकत नाही. मुदतच ठरलेली नसेल तर १५ दिवस. काम झाल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर काम पूर्ण झालं तोच दिवस स्वीकृतीचा मानतात. हरकत घेतलीच, तर तुम्ही ती दूर केलीत तो दिवस. फोनवरची कुरकुर ही लेखी हरकत नव्हे. आमच्या एसीवाल्यांना ‘काम नीट नव्हतं’ हे पहिल्यांदा लेखी कळवलं गेलं ते सात महिन्यांनी, तेही पैशांसाठी नोटीस पाठवल्यावर.

बिलातून परस्पर ‘पेनल्टी’ कापणं हाही नेहमीचाच प्रकार. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. कपात मान्य नसेल तर तसं लगेच ईमेलने कळवा. गप्प राहिलात तर पुढे तेच तुमच्या अंगावर येतं.

अर्ज कोण करू शकतं

अर्जदार सूक्ष्म किंवा लघु उद्योग हवा. मध्यम उद्योगाला ही दाद मागता येत नाही. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म म्हणजे गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत. लघु म्हणजे २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत. हाउसकीपिंग, सिक्युरिटी, ट्रान्स्पोर्ट, डिझाइन, सॉफ्टवेअर अशा सेवा चालतात. निव्वळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी (केंद्राच्या पोर्टलवरची उद्योगाची नोंदणी) मिळते, पण ती बँक कर्जाच्या प्राधान्यापुरती. बांधकामासारखं वर्क्स कॉन्ट्रॅक्ट असेल तर आधी वकिलाला विचारा, कारण ते या कायद्यात बसत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. ग्राहक मात्र कुणीही चालतो: खासगी कंपनी, महापालिका, सरकारी खातं, भारतात कुठेही.

खरी मेख आहे उद्यम नोंदणीच्या तारखेत. नोंदणी काम सुरू होण्याआधीची हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने वेगळं मत नोंदवून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. त्या वादात आपलं प्रकरण अडकू द्यायचं नसेल, तर नोंदणी फुकट आहे, आजच करून टाका. आणि नोंदणीत एनआयसी कोड (व्यवसायाचा प्रकार सांगणारा क्रमांक) सेवेचाच टाका.

कागदपत्रं

उद्यम प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी नोंदणी असल्यास तिचं प्रमाणपत्र, वर्क ऑर्डर किंवा करार, थकलेली बिलं, खातेउतारा, आलेल्या रकमांसाठी बँक स्टेटमेंट, आठवणीचे ईमेल, नोटीस आणि तिची पोच, व्याजाचा तक्ता. कंपनी किंवा भागीदारी असेल तर सही करणाऱ्याचं अधिकारपत्र.

हे सगळं बहुतेकांकडे असतं. नसतो तो काम झाल्याचा पुरावा. सही-शिक्क्याचं कम्प्लिशन सर्टिफिकेट सर्वांत उत्तम. ते नसेल तर मस्टर, गेटपास, ‘काम झालं, थँक्यू’ असा ईमेल, व्हॉट्सॲपवरचे संदेश. आणि एक जागा हमखास विसरली जाते: फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा. एसीवाल्यांचा उघडला, तर चारपैकी तीन बिलांवर कंपनीने टीडीएस कापून भरलेला! काम नीट झालंच नाही म्हणणाऱ्याने बिल वहीत घेऊन त्यावर कर का भरला, याचं उत्तर त्यांना देता येईना. टीडीएस म्हणजे अंतिम पुरावा नाही, पण वॉचमनच्या सहीपेक्षा त्याचं वजन बरंच जास्त.

अर्ज आणि पुढे

२०१७ पासून अर्ज ‘समाधान’ पोर्टलवर होत. जून २०२५ मध्ये केंद्राने ओडीआर (ऑनलाइन वाद-निवारण) पोर्टल सुरू केलं, तेव्हा नवा अर्ज आधी तिथे बघा. उद्यम क्रमांक टाकला की नोंदणीतल्या मोबाइलवर ओटीपी जातो. इथे निम्मे लोक अडकतात, कारण नोंदणी करून देणाऱ्या एजंटने स्वतःचाच नंबर टाकलेला असतो. तो आधी बदलून घ्या.

अर्ज तुमच्या भागातल्या कौन्सिलकडे जातो, ग्राहक दिल्लीचा असला तरी. महाराष्ट्रात हे काम उद्योग सहसंचालकांच्या विभागीय कार्यालयांतून चालतं. आधी सलोख्याचा प्रयत्न होतो; तिथे लेखी तडजोड झाली तर तिला लवादाच्या निवाड्याइतकं बळ असतं. नाही जमलं तर कौन्सिल स्वतः लवाद चालवते किंवा एखाद्या संस्थेकडे सोपवते. करारात दुसरा लवाद लिहिलेला असला तरी हा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. लवादात ग्राहक उलटा दावाही करू शकतो, तेव्हा आपल्या कामातल्या त्रुटी आधीच ओळखून ठेवा. निकालासाठी कायद्यात ९० दिवस लिहिलेत. प्रत्यक्षात त्यावर विसंबून कर्जाचे हप्ते ठरवू नका. लवादासाठी तीन वर्षांची मुदत लागू होते, म्हणून ‘बघू, देतील’ करत बसू नका.

व्याज रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने. २०२४ भर बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. दोन लाख वर्षभर थकले तर नुसतं व्याज सुमारे ४४,५०० रुपये. निवाड्याला आव्हान द्यायचं तर ग्राहकाला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. सलोख्याच्या टेबलावर समोरचा नरमतो तो बहुतेक या दोन आकड्यांमुळेच. एसीवाल्यांनी निम्मं व्याज सोडलं आणि तीन बिलांचं मुद्दल घेऊन तिथेच मिटवलं. चौथं बिल त्यांनी सोडून दिलं. मला ते पटलं नाही, पण पैसे त्यांचे.

या कायद्यात बसत नसाल तर दिवाणी दावा राहतो. वाद व्यावसायिक स्वरूपाचा आणि तीन लाख किंवा जास्तीचा असेल तर व्यापारी न्यायालय. तिथे तातडीचा आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. दिवाळखोरी कायद्याची धमकी बरेच जण देतात, पण तो रस्ता एक कोटीच्या थकबाकीपासून सुरू होतो.